पिशवी काढायची, पण कुठल्या वाटेनं?

आम्ही दोघी नर्स. एक ऑपरेशन थिएटरमधली आणि एक बायकांच्या वॉर्डातली. मागे पाळीच्या तक्रारींवर बोललो होतो, त्यानंतर एका ताईंचा फोन आला. वय ४७, उंची १५० सेंटिमीटर, वजन ९० किलो. पाळीत इतकं जातं की दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. हिमोग्लोबिन ७ वर आलेलं. एका दवाखान्यात त्यांना सांगितलं, "पिशवी काढावी लागेल, पण आधी २० किलो उतरवून या." दुसरीकडे सांगितलं, "उद्याच भरती व्हा, पोट उघडून काढू." ताई विचारत होत्या, यातलं खरं कोणाचं मानू?

आम्ही डॉक्टर नाही. पण थिएटरच्या दाराच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते रोज बघतो. आज सांगतोय ते आधी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना वाचून दाखवलंय.

आधी वजनाचा हिशेब. ताईंची उंची दीड मीटर. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. ९० ला सव्वादोननं भागलं की ४० येतात. हा झाला बीएमआय. आपल्याकडच्या माणसांसाठी २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे ४० हा आकडा मोठाच. पण तो आकडा ऐकून ताईंना लाज वाटली, हे आम्हाला आवडलं नाही. रक्तदाबाचा आकडा सांगताना कोणी लाजतं का?

आता मुद्द्याची गोष्ट. अंगावरच्या चरबीतही स्त्री-हार्मोन तयार होतं. ते जास्त झालं की पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि रक्तस्राव वाढतो. कधी कधी याच अस्तरात कर्करोग सुरू होतो. म्हणून जाड बाईला जास्त जात असेल, किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग दिसला असेल, तर सोनोग्राफी करून अस्तराचा छोटा तुकडा तपासायलाच हवा. तो तपासल्याशिवाय "वजन उतरवून या" हेही चूक आणि "उद्या पिशवी काढू" हेही चूक. कर्करोग निघाला तर वजन उतरायची वाट बघत वर्ष घालवायचं नसतं. काही वाईट नसेल तर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. तांबीनं रक्तस्राव इतका कमी होतो की कित्येकींचं ऑपरेशन टळतं. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. त्यामुळे "काढायलाच हवी का?" हा पहिला प्रश्न आम्ही कधी सोडत नाही.

समजा, काढायचीच ठरली. मग वाटा तीन. पोटावर चीर देऊन, खालून म्हणजे योनीमार्गातून, किंवा पोटावर तीन-चार बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून. रोबोट म्हणतात तोही दुर्बिणीचाच प्रकार, फक्त महाग.

वॉर्डातल्या नर्सचं ऐका. आमच्याकडे ड्रेसिंगसाठी एक काकू यायच्या. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, पोटावर आडवी चीर. पिशवी नीट निघाली होती, डॉक्टरांचा हातही चांगला. पण सातव्या दिवशी टाक्यातून पाणी यायला लागलं आणि नवव्या दिवशी जखम उघडली. चार बोटं जाड चरबी, तिला रक्तपुरवठा कमी, त्यात पोटाची घडी जखमेवर ओघळलेली, आत कायम ओल. पाच आठवडे रोज ड्रेसिंग. सोबत यायला मुलीनं काम सोडलं. काकूंचे कागद बघितले तर पिशवी मुठीएवढी, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, सिझर नाही. खालून निघण्यासारखी होती. पण तशी दुसरी वाट असते, हे काकूंना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या आम्हालाच विचारत होत्या, "माझ्या वजनाला पोटच उघडावं लागतं ना गं?"

नाही काकू. उलटंच आहे. वजन जितकं जास्त, तितकी पोटावरची मोठी चीर टाळलेली बरी. खालून काढताना पोटाच्या चरबीला हातच लागत नाही. बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन भूल देता येते. फक्त अंग बाहेर आलं असेल तरच खालून काढतात, असा समज आहे, तो खरा नाही. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी अंग बाहेर आलेलं नसतानाही खालून पिशवी कशी काढावी, हे आयुष्यभर शिकवलं. कोक्रेन या संस्थेनं २०१५ साली ४७ अभ्यास आणि ५,१०२ बायकांची माहिती एकत्र मांडली. त्यातही जमत असेल तर खालून, नाहीतर दुर्बिणीतून, असंच निघालं. हे सगळ्या वजनाच्या बायकांचं. तरी दुर्बिणीत मूत्रमार्गाला इजा व्हायचा धोका पोट उघडण्यापेक्षा थोडा जास्त, हेही त्यातच आहे.

खालची वाट प्रत्येकीला जमत नाही. पिशवी फार मोठी, आत चिकटलेली, आधीची सिझर, किंवा मांड्यांमुळे जागाच अपुरी. मग दुर्बीण. थिएटरमधली नर्स सांगते, तिथे खरी परीक्षा भूलतज्ज्ञांची असते. पोटात गॅस भरतात आणि टेबल डोक्याकडे खाली झुकवतात. पोटाचा सगळा भार छातीवर येतो, श्वास द्यायला मशीनला जोर लावावा लागतो. जमलं नाही तर ऑपरेशन मध्येच बदलून पोट उघडतात. अमेरिकेत गर्भपिशवीच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. त्यात बीएमआय २५ असताना शंभरात १७-१८ जणींचं पोट उघडावं लागलं, ४० च्या वर निम्म्याहून जास्त जणींचं. त्या ऑपरेशनात गाठीही काढायच्या होत्या, शिवाय तेव्हापासून हात बसलेत, साधनं सुधारलीत. पण यातून एक कळतं, जाड बाईची दुर्बीण सरावाच्या हातानंच करावी.

आणि कधी पोट उघडणंच बरोबर असतं. फार मोठी गाठ असेल तर हट्ट धरू नका. मात्र चीर घडीच्या ओलीत न घेता वर घेता येईल का, हे विचारा.

फोनवाल्या ताईंना आम्ही एवढंच विचारायला सांगितलं: "डॉक्टर, माझी पिशवी खालून निघेल का? नसेल तर का नाही? तुम्ही माझ्या वजनाच्या बायकांची दुर्बीण नेहमी करता का?" राग मानणारे डॉक्टर असतात. मोकळेपणानं सांगणारेही असतात, "मी करत नाही, मेडिकल कॉलेजला चिठ्ठी देतो." अशी चिठ्ठी मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका, ती प्रामाणिक आहे.

ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. झोपेत मोठ्यानं घोरता का, मध्येच श्वास अडकून दचकून उठता का, हे घरच्यांना विचारून सांगा. आणि मिश्री. "तंबाखू खाता का?" म्हटलं की बायका नाही म्हणतात, पण सकाळी दोनदा मिश्री लावलेली असते. मिश्री म्हणजे तंबाखूच, तिनं जखम भरायला वेळ लागतो. साखर ताब्यात आणा. हिमोग्लोबिन लोहाच्या इंजेक्शननं वाढवून घ्या, ताईंसारखं ७ असेल तर आधी तेच. वजन दोन-चार किलो उतरलं तर छानच, पण त्यासाठी ऑपरेशन अडकवायचं की नाही, ते तुकड्याचा रिपोर्ट बघून ठरवतात. बीजकोषही काढणार आहेत का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठवून चालवतो. बायका रागावतात. पण जाड अंगाला पायात रक्त गोठायची भीती जास्त, म्हणून चालणं आणि पोटात दिलं जाणारं बारीक इंजेक्शन, दोन्ही लागतात. छिद्रं बारीक दिसली किंवा बाहेर टाकाच नसला, तरी आतली जखम तीच असते. सहा आठवडे हंडा, गॅसची टाकी, नातवंड, काही उचलायचं नाही. सुनेनं समजून घ्यावं आणि सासूनंही.

ताप, घाण वासाचं पाणी, लघवी सतत ठिबकणं, एका पोटरीला सूज, एकदम धाप लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

ताईंचा परवा पुन्हा फोन आला. तुकड्याचा रिपोर्ट साधा निघाला. त्यांनी तांबी बसवून घेतलीय, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला जाणार आहेत.