मेंढा-लेखाचा ग्रामकोश

शहरात सोसायटीच्या सभेला गणसंख्या भरत नाही आणि मेंटेनन्सची थकबाकी मात्र वाढत जाते. आता धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गोंड गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकणार कसा? वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती! एप्रिल २०११मध्ये परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा कुठे पैसा आला. ग्रामकोशाची, म्हणजे गावाच्या सामाईक निधीची सवय मात्र त्याआधीची, मजुरीतला दहावा हिस्सा गावाचा. सभेत मतदान नाहीच, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा. वेळखाऊ खरंच. पण स्वतः होकार दिलेला माणूस वर्गणी देताना फारशी कुरकुर करत नसावा. २०१३मध्ये तर या गावानं शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे सोपवायचं ठरवलं.