ऋषिपंचमीचे ताट आणि घरची कणगी



ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. त्या दिवशी ताटात येते ती परसात हाताने लावलेली भाजी. बुलढाणा जिल्ह्याला ही तिथी आणखी एका कारणाने पूज्य आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीलाच, शेगावी श्रीगजानन महाराजांनी समाधी घेतली. महाराजांच्या नैवेद्यात आजही पिठले-भाकरी आणि अंबाडीची भाजी असते. ही अंबाडी कोणी दुकानातून आणत नसे. ती ज्वारी-कपाशीच्या कडेने आपसूक घरात येई. वर्षातून एकदा पुजले जाणारे हे ताट उरलेल्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरातून कसे गेले, याचा विचार करायला हवा.

वऱ्हाडात त्याची सुरुवात जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि सरकारची नजर इथल्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे सुरू झाली. कापसाच्या गाठी मुंबईकडे धावू लागल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच कापसाचा समृद्ध प्रांत अन्नाला मोताद झाला. कपाशीच्या विस्ताराने धान्याचे क्षेत्र आणि घरातला साठा आक्रसला, अशी मांडणी इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील ग्रंथात केली आहे.

शंभर वर्षांनी पिके बदलली, गाठ तीच राहिली. कपाशीच्या जोडीला सोयाबीन आले, ज्वारी मागे पडली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. पॅकेजवर पुष्कळ लिहिले गेले. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्यांवर मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

हिशेब साधा आहे. माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला सव्वासात क्विंटल लागते. कोरडवाहू दीड-दोन एकरांत पाऊस बरा झाला तर एवढी ज्वारी होते. शिवाय गुरांना कडबा. तुरीचे चार तास, मूग-उडदाचा एक तुकडा, म्हणजे वरण आणि कळण्याची भाकरी घरची. यातून कर्ज फिटत नाही, मुलांची फी भरली जात नाही, हे खरेच. पण मळणीच्या दिवसांत भाव पडलेला असतो, देणेकरी दारात उभा असतो, आणि घरात दाणा नसतो. तेव्हा शेतकरी मिळेल त्या भावाला माल देऊन येतो आणि त्याच पैशातून वाण्याकडून पीठ आणतो. पोटापुरते घरात असले, तर सोयाबीनची पोती दोन महिने थांबू शकतात.

ज्वारी सोडली ती काही उगाच नव्हे. पाखरे, रानडुकरे, कापणीला न मिळणारी माणसे! शिवारात एकाच्याच रानात कणसे उभी राहिली, तर सारे थवे तिथेच उतरतात. म्हणून हे काम एकट्याचे नाही. चार बांधशेजाऱ्यांनी लागून पेरणी केली, राखण वाटून घेतली, तरच ते निभते.

पिकवण्याइतकेच टिकवणे महत्त्वाचे, आणि ती विद्या घरच्या स्त्रीच्या हातात होती. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हात वाळवायचा. तो रात्रभर निवू द्यायचा, कारण गरम धान्य भरले की आत घाम धरते व बुरशी येते. मग शेणामातीने लिंपलेल्या कणगीत कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह भरायचा. मुगाला राख, तूरडाळीला तेलाचा हात. जमिनीतले पेव उघडले की आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर आत कोणी उतरायचे नाही. कोंडलेल्या हवेने माणसे दगावत. ते आता राहिले नाही, पण झाकण घट्ट बसणारी पत्र्याची कोठी तेच काम अधिक सुखरूप करते.

उन्हाळ्यात वऱ्हाडाचे ऊन फुकटची भट्टीच. मिठाच्या पाण्यात उकळी दिलेली गवार, वांग्याच्या फोडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, अंबाडीची लाल बोंडे वाळवून ठेवली, तर भाजीपाला महाग होतो तेव्हा कामी येतात. मुगाचे सांडगे, बाजरीच्या खारोड्या, कुरडया यांसाठी आळीपाळीने एकेका अंगणात बायका जमत. वऱ्हाडात ज्याला कोहळे म्हणतात तो तांबडा भोपळा देठासकट तोडून आढ्याला टांगला, तर काही न करता महिनोन् महिने टिकतो. भांडी धुतलेल्या पाण्यावर दोडका, वाल, शेवगा पोसला जातो. त्याला विहिरीचे पाणी लागत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुण्या-मुंबईहून माणसे आपापल्या गावी परतली. ज्या घरांत कणगी भरलेली होती, तिथे चार पाने वाढली तेव्हा भाकरीचे पीठ कोठून आणायचे, हा प्रश्न पडला नाही. बियाण्यासाठी बांधून ठेवलेल्या कणसांना मात्र कोणी हात लावू दिला नाही. ती मृगात पेरायची होती.