विस्तव लहान होत नाही



ऐन उकाड्यात विस्तवावरचं भाषण ऐकायला आलात, याबद्दल आधी आभार. लहानपणी ज्यांनी तांब्याचा बंब पेटवला आहे, त्यांना आजचा निम्मा विषय येतोच. मधल्या नळ्यात विस्तव, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख. हा बंब आडवा करा, एका नळ्याऐवजी पुष्कळ बारीक नळ्या घाला. झाला आगगाडीच्या इंजिनाचा बॉयलर.

इंग्लंडमध्ये घरामागच्या शेडमध्ये अशीच, पण छोटी इंजिनं घडवणारे पुष्कळ हौशी आहेत. रुळांमधलं अंतर पाच इंच, नाहीतर सव्वासात इंच. सव्वासात इंची इंजिन खऱ्याच्या साधारण एक अष्टमांश, पण मागे दहा-बारा माणसं बसवून सहज ओढतं.

आता थोडा हिशेब. लांबी आठपट घटली की पृष्ठभाग चौसष्टपट घटतो आणि आकारमान पाचशे बारापट. मोठ्या बॉयलरमध्ये ५,००० लिटर पाणी असेल, तर इथे जेमतेम दहा. पण कोळशाला आणि हवेला हे प्रमाण कोण सांगणार? इवल्या भट्टीत निखाऱ्यांच्या मानाने थंड भिंतीच जास्त, म्हणून विस्तव पटकन मंदावतो. नळ्याही हिशेबाने बारीक केल्या तर राखेने बुजतात. म्हणून त्या प्रमाणापेक्षा जाड ठेवाव्या लागतात.

शंभर वर्षांपूर्वी विस्तव कोळशाचा की स्पिरिटचा, यावरून तिथे चांगलीच जुंपली होती. बरीचशी छोटी इंजिनं तेव्हा स्पिरिटच्या दिव्यांवर चालत. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने ‘मॉडेल इंजिनीअर’ या नियतकालिकात लिहिणाऱ्या लेखकाचं म्हणणं, कोळसाच जाळा, बॉयलर खऱ्यासारखाच करा. १९२४ साली लंडनच्या प्रदर्शनात त्याच्या अडीच इंची रुळांवरच्या ‘आयेशा’ या इंजिनाने कोळशावर माणसं ओढून दाखवली.

पेटवायचं कसं? सुरुवातीला वाफ नाही, म्हणजे हवेची ओढही नाही. म्हणून धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवतात आणि रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा भट्टीत टाकतात. वाफेच्या दाबाचा काटा वीस-तीस पौंडांवर आला की पंखा काढून इंजिनाची स्वतःची वाफ धुराड्यात सोडायची. मग दगडी कोळसा, सुपारीच्या खांडाएवढा, मोठ्या चमच्याएवढ्या फावड्याने, थोडा थोडा. एकदम ओतला की विस्तव दडपलाच. गाडी चालू लागली की प्रत्येक फुसकाऱ्यासरशी वाफ हवा ओढून घेते. चढावर इंजिन धापा टाकतं तेव्हा निखारे उजळतात. थांबलं की ते झोपी जातात.

आणि पाणी! बंबात पाणी घातल्याशिवाय विस्तव घालू नये, नाहीतर डाग सुटतात, हे आपल्या घरी बजावलेलं असे. इथेही तेच. पाणी उतरून भट्टीचं छत उघडं पडलं की बॉयलरचं नुकसान ठरलेलं. दहा लिटर संपायला वेळ लागत नाही, म्हणून एक डोळा रुळावर आणि एक पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीवर. टाकीतलं पाणी तापलं तर वाफेच्या जोरावर पाणी भरणारा इंजेक्टरही हटून बसतो.

कोळसा मात्र वेल्सचाच हवा, असा या मंडळींचा हट्ट असे. धूर कमी, राख थोडी, आच खणखणीत. वेल्समधल्या मर्थर टिडफिलजवळ १८०४ साली ट्रेव्हिथिक या इंजिनीअरचं वाफेचं इंजिन पहिल्यांदा रुळांवर धावलं. त्याच गावाजवळच्या फोस-य-फ्रान खाणीतलं काम नोव्हेंबर २०२३मध्ये थांबलं. म्हणून आता ऑलिव्हच्या बियांचा चुरा घातलेल्या विटकुळ्या जाळून पाहतात. त्या वेगळ्या जळतात, वेगळी राख सोडतात. म्हणजे चाळीस वर्षं फावडं धरलेल्या हातालाही पुन्हा पहिलीत बसावं लागतं.

श्रोतेहो, जुन्या नकाशावरून इंजिन पुन्हा घडवता येतं. विस्तवाचा नकाशा मात्र नसतो. त्याच्यापुढे बसूनच तो शिकावा लागतो.