परदेशातील कवितेची संध्याकाळ आणि आपला जलसा



आम्ही बँकेत कारकुनी करणारे. मराठी घेऊन बी. ए. झालो, एवढाच आमचा साहित्याशी संबंध. तरीही आज कवितेवर बोलायला उभे आहोत, कारण मध्यंतरी खालापूर तालुक्यातील एका घरी याच विषयावरून झालेला वाद आम्ही ऐकला.

त्या घरची मुलगी लंडनला शिकते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ती गेली. एकदा तिने फोनवर सांगितले, की काल कविता ऐकायला गेले होते. कॉफीच्या दुकानाखालचे तळघर, तीस-चाळीस माणसे, दाराशी एक वही. ज्याला कविता म्हणायची असेल त्याने वहीत नाव लिहायचे, पाच मिनिटांत आटोपायचे. हिने नाव काही लिहिले नाही, नुसती ऐकून आली. तरी वडील रागावले. म्हणाले, "शिष्यवृत्ती अभ्यासाला मिळाली आहे, गाण्याबजावण्याला नाही."

वडिलांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून अभ्यास करीत. त्याच ब्लूम्सबरी भागात, चालत जाण्याइतक्या अंतरावर, हेरॉल्ड मन्रो या कवीने १९१३ साली काढलेले पोएट्री बुकशॉप होते. तिथे संध्याकाळी कवी आपल्या कविता वाचीत. पण बाबासाहेबांजवळ पैसा मोजका आणि वेळ त्याहून मोजका. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. अशा पदव्या त्यांनी मिळविल्या, त्या पोट मारून. त्यांनी वेचलेल्या त्या संध्याकाळींमुळेच आज आपल्या मुलीच्या हाती एक संध्याकाळ मोकळी उरते. ती तिने खोलीचे दार लावून एकटीने काढावी, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

शिवाय गाण्याबजावण्याला आपण तरी कमी लेखू नये. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक यांचा जलसा गावोगाव फिरला, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी कितीजणांना वाचता येत होते? तमाशाचा साज तोच ठेवून त्यातून शिक्षणाची, पाणवठ्याची, माणुसकीची गोष्ट सांगितली गेली. वर्तमानपत्र जिथे पोचत नव्हते तिथे ढोलकी पोचली. आमच्या मते ती त्या काळातील रात्रशाळाच होती, फक्त हजेरीपट नव्हता.

आणि परदेशातल्या या मैफली म्हणजे सगळ्या साहेबी थाटाच्या असतात, असेही नाही. अमेरिकेत शिकागोला १९८०च्या दशकात मार्क स्मिथ या बांधकामावर काम करणाऱ्या कवीने कवितेचा सामना सुरू केला. श्रोत्यांतूनच पंच निवडायचे आणि त्यांनी कवितेला दहापैकी गुण द्यायचे! कवितेला गुण द्यावेत हे आम्हांस फारसे रुचत नाही (बँकेत दिवसभर आकडेच असतात), पण विद्वानांच्या हातची कविता त्याने चारचौघांत आणली, हे मोठे काम झाले.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, अभ्यास सांभाळून जरूर जा, आणि वहीत नावही लिहा. इंग्रजी उच्चाराची भीती वाटली तर आधी मराठीत म्हणा, मागाहून दोन वाक्यांत अर्थ सांगा. नामदेव ढसाळ २००१ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवाला गेले, ते मराठीचे कवी म्हणूनच गेले. कोणी विचारील, तुमच्या गावाकडे काय म्हणतात? त्या वेळी सांगायला आपल्याजवळ काही असले पाहिजे.

यासाठी एक विनंती. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर भागांत जुन्या गायनपार्ट्यांच्या गाण्यांच्या वह्या अजून काही घरांत ट्रंकेत पडून आहेत. आपल्या पावसात कागद किती दिवस टिकणार? मूळ वही घरातच राहू द्या. शनिवारी दुपारनंतर आम्ही मोकळे असलो की येऊन उतरून घेऊ. अक्षर आमचे बरे आहे.

जयभीम!