ओटा कोणाच्या मापाचा?

(आठ मार्चच्या निमित्ताने वस्तीतील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला कायद्यावर बोलायला बोलावलं आहे. पण गेल्या महिन्यात तुमच्या गटाची कर्जाची वही पाहिली. 'मुलीची फी', 'दवाखाना' यांच्या जोडीला चार ठिकाणी 'ओटा' असं लिहिलेलं दिसलं. म्हणून आज ओट्यावरच बोलते. कायदा त्यातूनच येईल.

माझ्या आईचा ओटा २००४ मध्ये झाला. त्याआधी ती खाली बसून स्वयंपाक करायची. गवंड्याने 'सगळीकडे असाच घालतो' म्हणत ३४ इंचांवर कडप्पा बसवला. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. आईची उंची चार फूट दहा इंच. आमटीला उकळी आली की नाही, ते तिला दिसेना! तिने तक्रार केली नाही. एक पाट ओट्यापाशी ठेवला आणि त्यावर उभी राहून पुढची एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. दोनदा पाटावरून पडली. दुसऱ्यांदा मनगट मोडलं, तेव्हा मी एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला होते. लोकसहभागावर निबंध लिहीत होते. आईला ओटा किती उंच हवा, हे मात्र मीही विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघर नवं करण्याचे साधारण तीन मार्ग असतात.

पहिला, सगळं तोडून एकदम नवं करायचं. दिसायला छान, पण पैसा एकरकमी लागतो. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, नाहीतर ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगतं.

दुसरा, टप्प्याटप्प्याने. आपल्यापैकी बहुतेकींना हाच परवडतो. मात्र क्रम चुकवू नका. आधी नळ, मोरीचा उतार, विजेची वायरिंग. मग ओटा. फरशा आणि कपाटं शेवटी. पुष्कळदा फरशा आधी बसतात, कारण त्या पाहुण्यांना दिसतात. मग नळ गळायला लागला की त्याच फरशा फोडाव्या लागतात.

तिसरा मार्ग बिनखर्चाचा, मांडणी बदलण्याचा. एक दिवस स्वतःच्या खेपा मोजा. पिठाचा डबा एका टोकाला आणि पोळपाट दुसऱ्या टोकाला का आहे? १९२६ मध्ये मार्गारेटे शूट्टे-लिहोत्स्की या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातील नव्या घरांसाठी असाच खेपांचा आणि वेळेचा हिशेब मांडून स्वयंपाकघर आखलं. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. बाईचे श्रम वाचावेत हा हेतू चांगलाच होता. पण ती खोली इतकी अरुंद, की तिथे एकाच माणसाने काम करावं. आणि ते माणूस म्हणजे बाईच!

म्हणून मापाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ओट्यापाशी उभं कोण राहणार? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांपैकी जे घरकाम करत होते, त्यांचा ९७ मिनिटं. ग्रॅनाइट बसवून हा हिशेब बदलत नाही.

आता कायदा. आमच्याकडे एक ताई आल्या होत्या. गटाचं कर्ज काढून त्यांनी सासऱ्यांच्या नावावरच्या घरात ओटा, नळ, मांडणी सगळं केलं. वर्षभरात नवऱ्याने घराबाहेर काढलं. हप्ते मात्र त्याच फेडत होत्या. पैसे त्यांनी दिले याचा कागद एकही नव्हता. बिलं सगळी नवऱ्याच्या नावावर.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्या आधारावर आपण अर्ज करू शकतो. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि खर्च केला म्हणून घर नावावर होत नाही. तेव्हा कर्ज काढण्याआधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. जमेल तिथे आपलंही नाव लावून घ्या. पैसे स्वतःच्या खात्यातून द्या, बिलं स्वतःच्या नावावर घ्या आणि ती जपून ठेवा. ही काही संशयाची गोष्ट नाही. नवरे दुचाकीची पावती जपतातच की!

२०२३ मध्ये आम्ही आईचा ओटा तोडला. या वेळी ती चप्पल काढून भिंतीशी उभी राहिली, कोपर दुमडलं, आणि कोपराच्या साधारण पाच इंच खाली मी पेन्सिलीने खूण केली. ३१ इंच भरले. गवंडी म्हणाला, "फार बुटका होईल." आई म्हणाली, "मी आहेच बुटकी." बाबा आता सकाळचा चहा करतात आणि वाकावं लागतं म्हणून कुरकुरतात. कुरकुरू देत. ओट्यापाशी उभे राहतात, म्हणूनच कुरकुरतात ना!

आज घरी गेल्यावर टेपने दोन मापं घ्या, तुमच्या कोपराचं आणि ओट्याचं. पुढच्या बैठकीला ती वहीत लिहून आणा. आणि ज्या चौघींनी ओट्यासाठी कर्ज घेतलं आहे, त्यांनी बिलंही आणा. नाव कोणाचं आहे, ते मिळून बघू.