घरचा कीबोर्ड आणि मिडी फाइल : कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

(गतवर्षीच्या उत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी रुळांचा माणूस, सुरांचा नव्हे. तरी कॉलनीत घरोघरी मुलांसाठी कीबोर्ड आले आहेत आणि "मिडी फाइल दुरुस्त करायला कोणते सॉफ्टवेअर घेऊ?" असे बरेच जण विचारतात. माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो, म्हणजे उत्तर सोपे होईल.

आपले पेटीवाले काका निवृत्त होऊन गावी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्या कीबोर्डवर पाच आरत्या वाजवून ठेवल्या. मी त्या पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि नोटेशन लिहिण्याच्या एका सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. पडद्यावर स्वर कसे नीटनेटके दिसले! खूश होऊन त्याच नावाने परत साठवल्या. वाजवल्यावर सौ. म्हणाली, "हे काका नाहीत."

असे का झाले? मिडी ही पद्धत 1983 सालची. तिच्या फाइलमध्ये आवाज नसतोच. आपल्या वेळापत्रकात गाडी नसते, फक्त कोणती गाडी कुठे किती वाजता, एवढेच असते, तसेच हे. कोणती पट्टी, केव्हा दाबली, किती जोराने, केव्हा सोडली, इतकेच. एका मात्रेचे बहुधा 480 भाग करतात. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एक भाग म्हणजे सेकंदाचा साधारण हजारावा हिस्सा. काका समेवर किंचित रेंगाळत, ते या बारीक भागांत नोंदलेले होते. नोटेशनच्या सॉफ्टवेअरने कागदावर लिहिता यावे म्हणून प्रत्येक स्वर जवळच्या ठोक्यावर नेऊन बसवला. त्याने आपले काम चोख केले. काम चुकीचे दिले ते मी.

म्हणून आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर. मुलांना छापील नोटेशन हवे असेल तर म्यूझस्कोअर उत्तम आणि मोफत आहे. वाजवलेले तसेच ठेवून लय, पट्टी किंवा एखादा चुकलेला स्वर बदलायचा असेल तर सिक्वेन्सर हवा. विंडोजवर अॅन्व्हिल स्टुडिओची साधी आवृत्ती मोफत मिळते. लिनक्सवर रोझगार्डन आहे. घरच्या कामाला एवढे पुरते. त्यात 'क्वांटाइज' नावाची सोय दिसेल. स्वर ठोक्यावर बसवणारी ती हीच. शिकाऊ हाताला उपयोगी, पण काकांसारख्यांच्या वादनाला लावू नका.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. काळी दोनची आरती काळी एकमध्ये आणायची तर सगळे स्वर दोन पायऱ्या खाली न्यावे लागतात. पण दहावे चॅनल सोडून! जनरल मिडीच्या नियमाने तिथे तालवाद्ये असतात आणि प्रत्येक पट्टीवर वेगळे वाद्य. 38 वर स्नेअर ड्रम, 36 वर बास ड्रम. दोन पायऱ्या खाली नेले की स्नेअरच्या जागी बास ड्रम धडधडतो. दुसरे, जनरल मिडीच्या 128 वाद्यांत आपली पेटी नाही. 21 क्रमांकाचा रीड ऑर्गन त्यातल्या त्यात जवळचा. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतात, तिथे तो 20 दिसेल. तिसरे, फाइल साठवताना टाइप 0 की टाइप 1 असे विचारले जाते. टाइप 0 मध्ये सगळे एकाच ट्रॅकवर, टाइप 1 मध्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर. काही कीबोर्ड फक्त टाइप 0 वाचतात. दुरुस्ती टाइप 1 मध्ये करा आणि कीबोर्डसाठी गरज पडल्यास टाइप 0 ची वेगळी प्रत काढा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : मूळ फाइलला हात लावू नका. आधी प्रत काढा, तिला वेगळे नाव द्या, मगच सॉफ्टवेअर उघडा.

माझ्या पाच आरत्यांपैकी चार कीबोर्डच्या मेमरीत शिल्लक होत्या, त्या परत मिळाल्या. पाचवीच्या जागी मुलीने आपला सराव साठवला होता. तिचा काय दोष? ती आरती मात्र कायमची गेली. उरलेल्या चार आज तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. आत्ता आरतीच्या वेळी आपण सर्वांनी ज्यावर टाळ्या धरल्या, ती त्यांतलीच एक. काका इथे नाहीत, पण त्यांचे रेंगाळणे तुम्ही ऐकलेत.

आपण सारे बदलीची माणसे. आपल्यातले जे कोणी वाजवतात, गातात, त्यांचे वादन ते इथे आहेत तोवर साठवून घ्या, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!