टायर आपल्या रस्त्याचा घ्यायचा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे, 'पिकअपचे टायर बदलणे'. विषय वाचून दाखवला तेव्हा मागून आवाज आला, "ते ड्रायव्हरदादांना विचारा, आम्हाला त्यातलं काय कळतं!" सगळ्या हसलात, मीपण हसले. पण मागच्या वर्षी मीसुद्धा हेच म्हणाले होते आणि त्याचे पैसे तुमच्या संघाने मोजले. म्हणून आधी माझी चूक सांगते, मग टायरचं बोलू.

मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. कॉलेजात समाजकार्य शिकताना 'निर्णयात सगळ्यांचा सहभाग' यावर पानंच्या पानं लिहिली होती. आणि इथं काय केलं? मागचे दोन टायर झिजले, तर मी आणि ड्रायव्हरदादा एका दुपारी दुकानात गेलो. दुकानदाराने मोठमोठ्या आडव्या गाठींचे दोन टायर पुढे केले. "मॅडम, हे घ्या, डोंगरातला माल आहे ना तुमचा, हत्तीसारखे चालतील." दिसायलाही दणकट. एका टायरचे ६,८०० रुपये दिले, बिल लावलं, झालं. सभेत कोषाध्यक्ष काकूंनी एकच प्रश्न विचारला होता, "ताई, हे किती किलोमीटर चालणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दहा महिन्यांनी मिळालं. जुलैमध्ये टोमॅटो घेऊन गाडी संगमनेरला निघाली होती. विठ्याच्या घाटात पाऊस. वळणावर ब्रेक लावला आणि गाडी मागून सरकली. केबिनमध्ये आपल्या दोघी मैत्रिणी होत्या. दादांनी गाडी सावरली, कुणाला लागलं नाही, क्रेट मात्र रस्त्यावर सांडले. खाली उतरून पाहिलं तर मागचे टायर जवळजवळ गोटा झालेले. त्या दोघी आज इथे बसल्यात. त्या रात्री मला झोप आली नाही.

नंतर मी गाडीचं लॉगबुक घेऊन बसले. कंपनीतून आलेले पहिले टायर ४८ हजार किलोमीटर चालले होते. मी घेतलेले २२ हजारांत संपले. असं का झालं, तेही लॉगबुकातच लिहिलेलं होतं. गाडी दिवसाला साधारण ९० किलोमीटर पळते. त्यातले शेताच्या कच्च्या वाटेचे चारसुद्धा नाहीत. बाकी सगळा डांबरी रस्ता. आणि मी टायर घेतला होता चिखलाचा.

आता हा फरक नीट समजून घ्या. टायरच्या नक्षीचे ढोबळ तीन प्रकार असतात. लांब सरळ खाचा गोल फिरलेल्या असतात त्याला रिब म्हणतात. मोठ्या आडव्या गाठी असतात तो लग. आणि दोन्हींचं मिश्रण असतं तो सेमी-लग. लगच्या गाठी चिखलात, मातीत रुततात आणि गाडी ओढून काढतात. ट्रॅक्टरचा मागचा टायर डोळ्यांपुढे आणा. पण डांबरावर रुतायला काही नसतं. तिथे त्या गाठी घासतात, हलतात, तापतात आणि लवकर झिजतात. आवाज जास्त, डिझेलही जास्त. रिबचं उलट आहे. डांबरावर हलका पळतो, सावकाश झिजतो. चिखलात मात्र तो फिरत बसतो. शेतातली गमबूट घालून कुणी पायी वारीला जातं का? मी गाडीला तेच केलं.

"पण ताई, आमच्या बांधापर्यंत चिखलच आहे," असं म्हणाल. खरं आहे. पण वर्षातले चार-सहा आठवडेच गाडी तिथे अडते. तेवढ्यासाठी वर्षभर लग टायर झिजवायचा, की त्या आठवड्यांत क्रेट बैलगाडीने डांबरापर्यंत आणायचे? हे तुम्ही ठरवायचं. माझं मत विचाराल तर चारही टायर रिबचे घ्यावेत. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी फार तर मागे सेमी-लग सुचवावा. पुढे मात्र रिबच.

आता हिशोब. दुकानात आपण टायरची किंमत विचारतो, खरी विचारायची ती एका किलोमीटरची किंमत. ६,८०० रुपयांचा टायर २२ हजार चालला, म्हणजे किलोमीटरला साधारण ३१ पैसे पडले. रिबचा टायर तेव्हा ६,२०० ला होता. तो आपल्या पहिल्या टायरांइतका ४८ हजार चालला असता, तर १३ पैसे. बचतगटात आपण व्याजाचा पैसा न् पैसा मोजतो, मग चाकाखालचा का सोडायचा?

दुकानात गेल्यावर टायरची बाजू वाचायची. अक्षरं इंग्रजी असतात, पण घाबरू नका. पाच गोष्टी बघायच्या.

पहिली, साइज. '१९५ आर १५' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आर म्हणजे रेडियल. शेवटचा आकडा डिस्कचा, इंचात. आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तीच साइज घ्यायची. "थोडा मोठा बसतो" असं कुणी म्हटलं तरी नाही. रेडियल आणि नायलॉन यांची मिसळ तर एका अ‍ॅक्सलवर अजिबात करायची नाही.

दुसरी, वजनाचा आकडा. साइजच्या पुढे १०६ लिहिलं असेल तर तो एक टायर ९५० किलो पेलतो. १०० असेल तर ८०० किलो. दिसायला टायर सारखेच, पण एका टायरमागे दीडशे किलोचा फरक. पुस्तकात आहे त्याहून कमी आकडा चालणार नाही. आणि जास्त आकड्याचा टायर घातला म्हणून जास्त क्रेट भरायचे असंही नाही. गाडीची क्षमता आरसी बुकात लिहिली आहे, ती टायरने वाढत नाही.

तिसरी, तारीख. एका लांबट गोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. एका बाजूला दिसला नाही तर टायर उलटून बघा. रबर पडून पडून कडक होतं. सवलतीत मिळतोय म्हणून चार वर्षं जुना टायर घेऊ नका.

चौथी, आयएसआयचा शिक्का.

पाचवी, पक्कं बिल. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलावर १८च लागलाय ना, बघून घ्या. "बिलाशिवाय स्वस्त देतो" म्हणणाऱ्याला हात जोडायचे. उद्या टायरला फुगा आला तर बिलाशिवाय कुणी दारात उभं करणार नाही.

पैसे कमी पडले तर? दोन घेऊ, पण जोडीनेच, आणि नवी जोडी मागे. बरेच जण नवे टायर पुढे घालतात. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सरकली की गाडी आवरत नाही. घाटात आपल्या दोघींनी ते पाहिलंय. अर्थात पुढचेही गोटा झालेले चालणार नाहीत. टायरच्या खाचेत आडवी छोटी उंचवट्याची खूण असते. रबर झिजून त्या खुणेला टेकलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. चारचाकीसाठी कायद्याची मर्यादा तीच. आपण पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या आधीच बदलू.

जुना टायर फेकायच्या आधी त्याच्याकडेही एकदा बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. मध्येच झिजला असेल तर हवा जास्त होती. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. तसंच नवे टायर घातले तर तेही तसेच जातील. हवा सकाळी, गाडी पळायच्या आधी बघायची, कारण तापलेला टायर जास्त हवा दाखवतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगळी असते, ती पुस्तकात दिलेली आहे. आणि स्टेपनीची हवा कोण बघतं? आपण कुणीच नाही!

तर मैत्रिणींनो, माझ्याकडून तीन प्रस्ताव. एक, खरेदीला मी एकटी जाणार नाही. तीन दुकानांची दरपत्रकं आणायची आणि खरेदी समितीच्या दोघींनी टायर स्वतः वाचून घ्यायचे. दोन, बसवल्याच्या दिवशीचं किलोमीटर लॉगबुकात लिहायचं, म्हणजे पुढच्या वेळी काकूंच्या प्रश्नाला उत्तर असेल. तीन, दर सोमवारी दादांबरोबर संघाची एक ताई हवा तपासेल आणि वहीत सही करेल.

दादांचं ज्ञान मोठं आहे, त्यांना विचारायचंच. पण विचारणं वेगळं आणि सोपवून मोकळं होणं वेगळं. गाडी तुमच्या बचतीतून आलीय, आणि केबिनमध्ये बसून बाजारात तुम्हीच जाता.

सभा संपल्यावर गाडी बाहेर अंगणात उभी आहे. चहा घ्यायच्या आधी सगळ्यांनी एकेका टायरवरचे आकडे वाचून दाखवायचे. ज्यांना दिसत नाही त्यांनी सुनेचा मोबाईल घेऊन बॅटरी लावा.